कलामहर्षी बाबूराव पेंटर

जगात काही पुरुष असे होऊन जातात की त्यांनी लावलेल्या झाडाची सावली सर्वांस लाभते; परंतु ते झाड कोणी लावले हे विचारण्याचे भान फारच थोड्यांस राहते. चित्रपटाच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेषच खरी आहे. पडद्यावर दिसणाऱ्या नटनटींची नावे लहान मुलांच्याही जिभेवर असतात. पण त्या पडद्यामागे ज्यांनी आपल्या आयुष्याचे सोने केले त्यांची नावे काळाच्या धुळीत झाकली जातात. अशा झाकल्या गेलेल्या थोर पुरुषांत कोल्हापूरचे कलामहर्षी बाबूराव पेंटर यांची गणना करावी लागते. परदेशी कॅमेऱ्याची वाट न पाहता ज्याने आपल्या हातांनी कॅमेरा घडविला आणि त्या कॅमेऱ्यातून हजारो प्रेक्षकांस रडविले, हसविले व विचार करावयास लाविले, त्या ह्या कारागिराचे चरित्र आजच्या तरुणांनी मुद्दाम वाचावे असे आहे.

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत स्वज्ञातीय पुरुषांचीच चरित्रे द्यावीत असा एक प्रघात आहे, आणि तो काही वावगा नाही. तथापि गुणी मनुष्य एका ज्ञातीचा कधीच राहत नाही. हातात हत्यार धरून ज्याने पोट भरले आणि त्याच हत्याराने ज्याने कला उभी केली, तो प्रत्येक कष्टकरी घराचा आप्तच होय. ह्या भावनेने पुढील चार शब्द वाचकांपुढे ठेवीत आहे.

जन्म व शिक्षण

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घराणे कारागिरांचे. वडील कृष्णराव हे लाकूड, दगड, धातू व हस्तिदंत अशा नाना प्रकारच्या कामांत निष्णात होते. ज्या घरात पटाशी, कानस आणि रंगाचा कुंचला ही खेळणी असतात, त्या घरातील मुलास कला शिकविण्यासाठी निराळी शाळा लागत नाही. बाबूरावांचे झाले ते असेच. चित्रकला व शिल्पकला त्यांनी कोणा विद्यालयात शिकून मिळविली नाही. पाहून, करून आणि चुकलेले पुसून पुन्हा करून ती त्यांनी आत्मसात केली.

त्यांस एक जिवाभावाचा सोबती लाभला होता. नात्याने बंधू लागणारे आनंदराव हे वयाने थोर आणि बुद्धीने तितकेच तल्लख होते. दोघांचीही कीर्ती नाटकांचे पडदे रंगविणारे म्हणून पसरली. तो काळ संगीत नाटकाच्या वैभवाचा होता. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट, देवालयाचा सभामंडप असे देखावे मोठमोठ्या कापडांवर रंगवून रंगमंचावर सोडीत. नामांकित नाटकमंडळ्यांचे पडदे ह्या दोघा बंधूंच्या कुंचल्यातून उतरले. पडदा वर जाताच प्रेक्षकांनी नटाच्या आधी देखाव्यास टाळी द्यावी, असा त्यांच्या कामाचा लौकिक होता. व्यवसायावरून लोक त्यांस पेंटर म्हणू लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडून पेंटर हेच रूढ झाले.

एका खेळाने जीवनाची दिशा पालटली

मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला होता. पुढे अनेक वर्षे विलायतेतून आलेली चित्रेच आपल्याकडे दाखवीत. गाड्या, साहेब, समुद्र आणि घोडदौडी पाहून लोक चकित होत. पण चकित होणे वेगळे आणि सद्गदित होणे वेगळे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रकट झाला आणि आपल्या लोकांनी पडद्यावर प्रथमच आपला राजा, आपली राणी आणि आपलेच दुःख पाहिले.

तो चित्रपट बाबूराव व आनंदराव यांनी पाहिला तेव्हा बाबूरावांचे वय तेविशीच्या आसपास होते. ज्यांनी आयुष्यभर कापडावर देखावे रंगविले, त्यांच्या डोळ्यांपुढे कापडावरचा देखावा प्रत्यक्ष हलू लागला होता. त्यांनी रंगविलेल्या नदीचे पाणी कधी वाहिले नव्हते, झाडाचे पान कधी हलले नव्हते. येथे मात्र पडदा निर्जीव आणि त्यावरील माणूस सजीव, असा उलटा चमत्कार होता. सामान्य प्रेक्षक असा खेळ पाहून डोळे पुसतो आणि घरी जातो. ह्या दोघा बंधूंनी घरी जाऊन हे कसे होते याचा शोध आरंभिला. बाबूरावांच्या आयुष्याची दिशा पालटली ती ह्या क्षणापासून.

स्वदेशी कॅमेरा

मनात आले तरी साधन कोठून आणावे? कॅमेरा विलायती, त्याची किंमत आवाक्याबाहेरची, आणि १९१४ साली महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशी माल मिळणेही दुरापास्त. तेव्हा आनंदरावांनी ठरविले की कॅमेरा आपणच घडवावयाचा. चित्र दाखविण्याचे यंत्र त्यांनी मिळविले होते. त्याचे खिळे उकलून, चाके व दाते न्याहाळून त्यांनी त्याचे मर्म शोधावयास प्रारंभ केला.

हे काम किती नाजूक होते, हे नव्या वाचकांस थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. चित्रपटात चित्र मुळीच हलत नसते. फिल्मच्या लांब पट्टीवर एकापुढे एक स्थिर चित्रे असतात. त्या पट्टीच्या कडांस बारीक छिद्रे असतात. यंत्रातील लहानसा आकडा एका छिद्रात अडकतो, पट्टी एका चित्राएवढी खाली ओढतो आणि क्षणभर थांबतो. तेवढ्या थांबण्याच्या अवधीत झडप उघडते, प्रकाश आत शिरतो, झडप पुन्हा मिटते आणि आकडा पुढील छिद्र पकडतो. मूकपटांच्या काळी ही क्रिया एका सेकंदात सुमारे सोळा वेळा, तीही हाताने दांडा फिरवून, व्हावी लागे. एक दाता केसभर चुकला तर पडद्यावरील राजवाडा भूकंप झाल्यासारखा थरथरावयाचा. दाखविण्याचे यंत्र आणि चित्र घेण्याचा कॅमेरा ही दोन्ही एकाच कुळीची; एक प्रकाश बाहेर टाकते, दुसरा आत घेतो. हे साम्य ह्या कारागिरांनी कोणत्याही ग्रंथावाचून हेरले, हीच त्यांच्या बुद्धीची थोरवी.

परंतु दैवाची इच्छा निराळी होती. काम अपुरे असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले. ज्याच्या खांद्याला खांदा लावून स्वप्न पाहिले तोच निघून गेल्यावर कोणीही हात टेकले असते. बाबूरावांनी ते अपुरे यंत्र पुन्हा पुढ्यात घेतले. विष्णुपंत दामले नावाचा एक तरुण, यंत्रविद्येत उपजत गती असलेला, त्यांच्या हाताखाली आला होता. शेख फत्तेलाल हे कुशल चित्रकारही त्या मंडळीत होते. लेथवर दाते कापावेत, जुळवून पाहावेत, बिघडले की टाकून पुन्हा कापावेत, असे करीत १९१८च्या सुमारास कॅमेरा सिद्ध झाला. कोल्हापूरच्या एका लहानशा कारखान्यात, इंग्रजी ग्रंथांचा आधार नसलेल्या हातांनी घडविलेल्या त्या यंत्राने जेव्हा प्रथम चित्र टिपले, तेव्हा त्या मंडळींस काय वाटले असेल त्याची कल्पनाच करावी. आनंदरावांचे स्वप्न दोन वर्षांनी त्यांच्या धाकट्या बंधूने पुरे केले होते.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

यंत्र झाले, पण नुसत्या यंत्राने चित्रपट होत नाही. द्रव्य पाहिजे, जागा पाहिजे, माणसे पाहिजेत. ह्या वेळी साहाय्यास आल्या त्या तानीबाई कागलकर. ह्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या व नामांकित गायिका. गाण्यावर मिळविलेला पैसा त्यांनी ह्या नव्या उद्योगात घातला. ज्या धंद्याचे भवितव्य सावकारांस दिसत नव्हते, ते एका गानकलावतीस दिसले. छत्रपती शाहू महाराजांनीही गुणाची पारख करून ह्या मंडळीस उत्तेजन दिले. अशा रीतीने ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली.

ह्या कंपनीविषयी एक गोष्ट आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. एका छपराखाली मेस्त्री, दामले, शेख, मराठे, जैन असे नाना घरांतील लोक काम करीत. आणि तेथे मान मिळे तो हाताच्या कसबास. कोण उत्तम रंग कालवितो, कोण यंत्र नीट चालवितो, कोण घोडा फेकतो, एवढाच प्रश्न. ज्या शाहू छत्रपतींनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्यांच्याच नगरीत ही कर्मशाळा वाढावी, हे योग्यच होते.

‘सैरंध्री’चा विजय

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ हा ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात प्रकट झाला. कथा महाभारतातील कीचकवधाची. ह्याच कथेवरील खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने १९१० साली बंदी घातली होती. कारण उन्मत्त कीचकाच्या ठिकाणी प्रेक्षक कोणास पाहत होते, हे सरकारास पुरते ठाऊक होते. तीच कथा आता पडद्यावर आली. बाळासाहेब यादव भीम झाले, झुंझारराव पवार कीचक झाले. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याची चाल त्या वेळी बहुतेक ठिकाणी रूढ होती. बाबूरावांनी गुलाबबाई व अनसूयाबाई यांस भूमिका देऊन ती मोडली. पुढे ह्या दोघी कमलादेवी व सुशीलादेवी ह्या नावांनी प्रसिद्धीस आल्या. त्या काळी पडद्यावर येणाऱ्या स्त्रीस समाजाकडून काय सोसावे लागे हे ज्यांस ठाऊक आहे, ते त्यांच्या धैर्याची किंमत जाणतील.

कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब उतरला होता की प्रेक्षागृहात किंकाळ्या उठत असे जुने लोक सांगत. पुढे तो भाग चित्रपटातून वगळावा लागला. वस्तुतः कथा सर्वांस मुखोद्गत होती. कीचक मरणार हे तिकीट काढण्यापूर्वीच सर्वांस ठाऊक होते. तरीही अंगावर काटा उभा राही. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांचा सुवर्णपदक देऊन गौरव केला व त्यांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य निवर्तले. आपल्या शेवटच्या वर्षात त्यांनी एका कारागिराच्या पाठीवर हात ठेवला, ही बाबूरावांस जन्मभर पुरणारी शिदोरी ठरली.

यानंतर चित्रपटांची मालिकाच सुरू झाली. ‘वत्सलाहरण’ आला. १९२२ साली भक्त दामाजीची कथा आली. बेदरच्या बादशहाचा रोष पत्करून दुष्काळात धान्याची कोठारे लुटविणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची ही कथा आपल्या मराठवाड्यात घरोघर माहीत आहे. १९२३ साली ‘सिंहगड’ आला. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ ह्या कादंबरीवरून तो रचिलेला होता आणि त्यात रात्रीच्या लढाईसाठी विजेच्या दिव्यांचा उपयोग करण्यात आला. तोपर्यंत सूर्य मावळला की काम बंद, असा नियम होता. तानाजीने रात्री गड घेतला, मग तो दिवसा कसा दाखवावा, ह्या अडचणीतून बाबूरावांनी वाट काढली. त्या चित्रपटात शिवछत्रपतींची भूमिका स्वतः बाबूरावांनी केली होती आणि शेलारमामा झाला होता शांताराम वणकुद्रे नावाचा एक तरुण. हाच पुढे व्ही. शांताराम ह्या नावाने जगास माहीत झाला. १९२४चा ‘कल्याण खजिना’ लंडनजवळील वेंब्ले येथील प्रदर्शनापर्यंत पोचला व तेथे त्यास पदक मिळाले. ह्याच चित्रपटाचे बाबूरावांनी केलेले भित्तिचित्र भारतीय चित्रपटांच्या आज उपलब्ध असलेल्या सचित्र जाहिरातींत सर्वांत जुने समजले जाते.

बाबूरावांची कार्यपद्धती लक्षात घेण्यासारखी होती. चित्रीकरणापूर्वी प्रत्येक पात्राचा वेष, दागिने व उभे राहण्याची ढब ते आधी कागदावर काढीत. रंगविलेल्या पडद्यापुढे नट उभा करण्याची नाटकी पद्धत सोडून त्यांनी खऱ्याखुऱ्या भिंती, खांब व दरवाजे उभारून घेतले. ज्याने पडदे रंगवूनच नाव मिळविले, त्यानेच पडद्यांस रजा द्यावी, यात त्यांच्या मनाचा मोकळेपणा दिसतो.

अंधारातील जादू

येथे चरित्राचा धागा क्षणभर बाजूस ठेवून एका प्रश्नाचा विचार करावासा वाटतो. पडदा हे कापड आहे, त्यावर पडणारा तो उजेड आहे, आणि जे घडते आहे ते खोटे आहे, हे ठाऊक असूनही मनुष्य रडतो का?

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील माणसास ह्याचे उत्तर फार दूर शोधावे लागू नये. नरसी हे नामदेवरायांचे गाव. कीर्तनाच्या रंगणात कथा कोणास नवी असते? तरीही ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. कारण कथा देवाची असली तरी अश्रू स्वतःच्या संसाराचे असतात. शिवाय मनुष्य एकटा असताना ज्या गोष्टीवर रडत नाही, तीवर चारशे माणसांत बसून रडू शकतो. शेजाऱ्याचा हुंदका ऐकून आपल्या हुंदक्याची लाज नाहीशी होते. चित्रपटगृहातील अंधार हेच काम करतो. तो कोणाचा चेहरा कोणास दिसू देत नाही आणि म्हणूनच प्रत्येकास आपला मुखवटा काढून ठेवता येतो.

हिंगोली तालुका परभणी जिल्ह्यात मोडत असे, त्या दिवसांतली गोष्ट. औंढा नागनाथास महाशिवरात्रीच्या यात्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागे. मी त्या वेळी शाळकरी होतो. तंबूत सगळेच जमिनीवर बसत. बायकांस एक बाजू, पुरुषांस दुसरी. बाहेर इंजिन धडधडे, आत उजेडाच्या झोतात विड्यांचा धूर तरंगे, आणि रीळ तुटले की शिट्ट्यांचा एकच कल्लोळ उठे. एके वर्षी तेथे मेहबूब यांचा १९५७चा ‘मदर इंडिया’ लागला होता. सुखीलाल सावकार वही उघडून हिशेब सांगू लागला, तेव्हा आमच्या शेजारच्या खेड्यातील एक वृद्ध शेतकरी एकाएकी उठून उभा राहिला आणि पडद्याकडे हात करून त्या सावकारास शिव्याशाप देऊ लागला. त्याची जमीन काही वर्षांपूर्वी कर्जापायी गेली होती, हे तंबूतील पुष्कळांस ठाऊक होते. एरवी मध्येच उठणाऱ्यास लोक खाली ओढून बसवीत. त्या दिवशी मात्र कोणी हसले नाही, कोणी ओढले नाही. शेवटी तो आपणहून बसला आणि उपरण्याने तोंड झाकून घेतले. ज्या गोष्टीचा त्याने घरात, गावात वा कचेरीत कधी उच्चार केला नव्हता, ती त्या अंधारात आपोआप बाहेर आली. चित्रपटाची जादू ती हीच. पुढे शिक्षक झाल्यावर बाबूरावांचे चरित्र वाचनात आले आणि तो वृद्ध मला पुन्हा पुन्हा आठवू लागला; कारण त्याच्यासारख्याची कथा बाबूरावांनी फार आधीच पडद्यावर आणली होती.

‘सावकारी पाश’

१९२५ साली देवादिकांच्या व राजेरजवाड्यांच्या कथांनी पडदा भरून गेला असता बाबूरावांनी एक धाडस केले. नारायण हरी आपटे यांची कथा घेऊन त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. त्यात ना देव, ना राक्षस, ना किल्ला. एक साधा शेतकरी, त्याची जमीन आणि ती गिळंकृत करणारा सावकार. जमीन गेल्यावर तो शेतकरी पोटासाठी शहराची वाट धरतो आणि गिरणीत मजूर होतो. ती तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली.

ह्या विषयाचे महत्त्व समजण्यास थोडा इतिहास पाहावा लागतो. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जखते जाळली. त्यानंतर १८७९ साली सरकारास दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आपला मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. तेथील कुळांची स्थिती याहून बरी नव्हती. म्हणजे जे दुःख गावोगाव होते, पण ज्यास पडद्यावर स्थान नव्हते, ते बाबूरावांनी तेथे नेऊन बसविले. पुढे स्वतः चित्रनिर्माते झालेले जे. बी. एच. वाडिया यांनी तरुणपणी हा चित्रपट पाहिला होता. अंधुक उजेडातील ती उदास झोपडी आणि तेथे गळा काढून रडणारा कुत्रा त्यांच्या स्मरणात कायमचा राहिला. चित्रपट मुका होता. कुत्र्याचे रडणे कोणास कानांनी ऐकू येणे शक्यच नव्हते. तरी ते पाहणाऱ्याच्या अंतःकरणात ऐकू गेले. चित्रकाराच्या सामर्थ्याची ह्याहून मोठी साक्ष कोणती?

दुर्दैवाने प्रेक्षकांनी ह्या चित्रपटास म्हणावा तसा आश्रय दिला नाही. पौराणिक चमत्कारांची चटक लागलेल्या लोकांस आपल्याच अंगणातील दुःख पैसे देऊन पाहणे रुचले नसावे. आज त्या मूक ‘सावकारी पाशा’ची प्रतही उपलब्ध नाही. परंतु भारतीय चित्रपटांत सामाजिक वास्तवाचे पहिले ठळक पाऊल म्हणून जाणते लोक त्याचाच निर्देश करतात. ज्या वृक्षास ‘मदर इंडिया’सारखी फळे धरली, त्याचे बीज कोल्हापुरात १९२५ साली पेरले गेले होते.

उत्तरायुष्य

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले चौघे कंपनी सोडून निघाले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या साहाय्याने त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन केली. उजवा आणि डावा हात एकाच वेळी गळून पडावा तसे बाबूरावांचे झाले. लवकरच महाराष्ट्र फिल्म कंपनीचा कारभार आटोपला. इकडे बोलपटाचे युग आले. प्रभातने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढला. १९३३ साली ती पुण्यास गेली आणि १९३६ साली दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ ह्या चित्रपटाने व्हेनिसपर्यंत कीर्ती मिळविली. शिष्यांचा उत्कर्ष होत होता आणि गुरू मागे पडत होते.

ह्या प्रसंगी कोणास दोष द्यावा? शिष्यांस पंख फुटले होते, त्यांनी आकाश शोधले. बाबूराव स्वभावाने अबोल; कामात घाई त्यांस मानवत नसे. मनासारखे उतरेपर्यंत काम हातावेगळे करावयाचे नाही, हा कारागिराचा धर्म. पण व्यापारास तो परवडत नाही. प्रभातच्या प्रत्येक उत्तम देखाव्यात, प्रत्येक रेखीव चौकटीत महाराष्ट्र फिल्म कंपनीत मिळालेली शिस्त दिसते, हे मात्र त्या कंपनीच्या चाहत्यांनीही मान्य केलेले आहे.

बाबूराव स्वस्थ बसले नाहीत. कोल्हापुरातच शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी ‘उषा’ हा बोलपट केला आणि १९३६ साली ‘सावकारी पाश’ पुन्हा, ह्या वेळी बोलता, काढला. अकरा वर्षांपूर्वी जी कथा लोकांनी मनावर घेतली नव्हती, तीच ते पुन्हा घेऊन आले. यावरून त्या विषयावर त्यांचा किती जीव होता हे कळते. १९३७ साली ‘प्रतिभा’ आला. १९४७च्या ‘लोकशाहीर राम जोशी’चा आरंभ त्यांनी केला आणि तो पुरा केला त्यांच्याच शिष्याने, शांताराम यांनी. गुरूने मांडलेला डाव शिष्याने पुरा करावा, असा हा योग. उरलेला काळ त्यांनी आपल्या मूळच्या चित्रकलेत व शिल्पकलेत घालविला. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय ६३ वर्षांचे होते.

चरित्राचा बोध

बाबूरावांनी विपुल संपत्ती मागे ठेवली नाही. त्यांचे मूकपट बहुतांशी नष्ट झाले. मग राहिले काय? राहिली ती एक परंपरा आणि तिच्यातून निघणारे दोन धडे.

पहिला धडा हाताचा. साधन नाही म्हणून रडत बसणारास हे चरित्र निरुत्तर करते. सुतार, लोहार, शिंपी, सोनार, कुंभार यांच्या घरांतील मुलांनी आपल्या बापजाद्यांच्या कसबाची लाज वाटून घेऊ नये. ज्या हातास लाकडाचा सांधा अचूक बसविता येतो, त्या हातास जगातील कोणतेही यंत्र परके नाही. शाळेतील शिक्षण अवश्य घ्यावे. पण हातातील विद्या टाकून नव्हे.

दुसरा धडा अंतःकरणाचा. आज चित्रपट प्रत्येकाच्या खिशातील फोनवर आला आहे. एकट्याने, जेवता जेवता, पुढेमागे सरकवीत तो पाहता येतो. सोय झाली हे खरे. परंतु यात्रेतील तंबूत वा गावच्या टॉकीजमध्ये शेकडो माणसे एकाच क्षणी श्वास रोखून धरीत, एकाच क्षणी डोळे पुशीत, आणि बाहेर पडताना परस्परांकडे थोड्या मऊ नजरेने पाहत, तो संस्कार एकट्याच्या फोनात मिळत नाही. अंधारात सर्वांची जागा एकाच जमिनीवर असते आणि अश्रूंस ज्ञात नसते, हे ज्या कलेने शिकविले ती कला केवळ करमणूक म्हणून हिणवू नये. आपल्या संस्थेने वर्षातून एकदा तरी सर्व कुटुंबांस एकत्र बसवून एखादा जुना चांगला चित्रपट दाखवावा, तोही गावातील सर्व समाजांस आमंत्रण देऊन, अशी नम्र सूचना ह्या निमित्ताने करावीशी वाटते.

बंधूच्या अपुऱ्या यंत्रास पूर्णत्व देणाऱ्या, शेतकऱ्याच्या मुक्या दुःखास पडद्यावर मानाचे स्थान देणाऱ्या, आणि शिष्यांस मोठे करून स्वतः मागे उभे राहणाऱ्या ह्या कलामहर्षीच्या पवित्र स्मृतीस आपणा सर्वांच्या वतीने विनम्र अभिवादन करून हे अल्प चरित्र येथे पुरे करतो.